कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?



ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूर-सांगली भागातला कोणीही विसरणार नाही. आमच्या घरात चार दिवस छातीइतके पाणी होते. जनावरे आधीच माळावर हलवली होती म्हणून वाचली, पण वडिलांची पत्र्याची ट्रंक पाण्याखाली राहिली. तिच्यात कारखान्याच्या भागाचा दाखला, जमिनीचे जुने खरेदीखत, सोसायटीच्या पावत्या आणि बारा-पंधरा वर्षांची ऊसबिले होती. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आत नुसता लगदा. पुढे वडील गेले आणि भाग वारसांच्या नावावर करून घेण्याची वेळ आली, तेव्हा एकेका कागदासाठी किती हेलपाटे घातले ते माझे मला ठाऊक.

त्यानंतर घरातल्या पोराने सांगितले, "आता सगळे कागद क्लाउडवर टाकू. मग पूर येऊ दे नाहीतर आग लागू दे." उरलेसुरले कागद आणि नव्याने काढलेल्या नकला यांचे फोटो काढून आम्ही ते टाकले. चार दिवसांनी पारावर बसलो असता शेजारच्या तात्यांनी विचारले, "कागद ढगात ठेवलेस म्हणं. पण तिथली किल्ली कुणाकडं हाय रं?" मी म्हणालो, "तात्या, पासवर्ड माझ्याकडंच आहे की." त्यावर ते म्हणाले, "पासवर्ड म्हंजे दाराची कडी झाली. मी कुलपाचं इचारतोय."

तात्या चौथी शिकलेले, पण प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर शोधताना जे समजले, ते सर्व सभासदांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

क्लाउड म्हणजे कोणाचे तरी गोदाम

क्लाउड म्हणजे आकाशात काही नसते. दूर कोठेतरी एखाद्या कंपनीची मोठी इमारत असते, तिच्यात हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, आणि आपले कागद तेथे जाऊन पडतात. कारखान्याच्या गोदामात साखरेची पोती ठेवावीत तसाच हा प्रकार आहे. इमारत त्यांची, वीज त्यांची, राखणदार त्यांचा.

आपला कागद तेथे जसाच्या तसा उघडा ठेवत नाहीत. त्याचे कूटलिपीत रूपांतर करतात. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. किल्ली असल्याशिवाय तो मजकूर कोणाला वाचता येत नाही. आज जगात बहुतेक ठिकाणी यासाठी ए.ई.एस. नावाची पद्धत वापरतात. ती इतकी पक्की आहे की किल्लीवाचून नुसत्या बळावर ती फोडणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा "आमचे कुलूप फार मजबूत" अशी जाहिरात कोणी केली तर त्याने हुरळून जाऊ नये. कुलूप जवळपास सगळ्यांचेच मजबूत असते. फरक किल्लीत आहे.

पहिला प्रकार असा, की कुलूपही कंपनीचे आणि किल्लीही कंपनीकडे. गुगल ड्राइव्हचे साधे फुकट खाते या प्रकारातले. बाहेरच्या चोरापासून तुमचा कागद राखला जातो, पण कंपनीने ठरवले किंवा सरकारी हुकूम आला तर तो उघडता येतो. याचा एक फायदाही आहे. तुम्ही पासवर्ड विसरलात तरी ओळख पटवून खाते परत मिळण्याची सोय असते.

दुसऱ्या प्रकारात कागद तुमच्याच मोबाइलमध्ये किंवा संगणकात कुलूपबंद होतो आणि मग गोदामात जातो. किल्ली कंपनीकडे जातच नाही. घरातून कुलूप लावलेली ट्रंक दुसऱ्याच्या गोदामात ठेवण्यासारखे हे आहे. स्वित्झर्लंडची प्रोटॉन ड्राइव्ह, न्यूझीलंडची मेगा, मूळची हंगेरीतली आणि आता स्विस टपाल खात्याच्या मालकीची ट्रेसोरिट, या सेवा अशा प्रकारच्या आहेत. ॲपलच्या आयक्लाउडमध्येही डिसेंबर २०२२ पासून ही सोय सुरू झाली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते आणि ईमेल, फोन नंबरांची यादी व कॅलेंडर तिच्यात येत नाहीत.

व्हॉट्सॲपचे उदाहरण आपल्या रोजच्या वापरातले आहे. तोडणीच्या चिठ्ठीचा आणि वजनपावतीचा फोटो आपण त्यावरच पाठवतो. हे संदेश जाताना-येताना २०१६ पासून पूर्ण कुलूपबंद असतात. पण त्यांचा जो बॅकअप गुगलच्या गोदामात जातो, त्याला आपल्या किल्लीचे कुलूप आपोआप लागत नाही. २०२१ साली ती सोय दिली गेली, मात्र सेटिंगमध्ये जाऊन ती स्वतः चालू करावी लागते. म्हणजे वाटेत बंदोबस्त आणि मुक्कामाला दार उघडे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची गत असेल.

खर्चाचा हिशेब उसाच्या मापाने

आता पैशाचे पाहू. गुगल १५ जी.बी. जागा फुकट देते. तीत ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह असे तिन्ही आले. २०२४ साली १०० जी.बी. जागेचा दर महिना १३० रुपये किंवा एकदम भरल्यास वर्षाला १,३०० रुपये होता. आयक्लाउडवर ५ जी.बी. फुकट आणि ५० जी.बी. साठी महिना ७५ रुपये. प्रोटॉन ड्राइव्हचा २०० जी.बी. चा दर महिन्याला सुमारे ५ डॉलर, म्हणजे वर्षाला पाच हजार रुपयांच्या वर जातो. पीक्लाउड नावाची सेवा एकदाच पैसे भरून 'आजीवन' जागा देते, पण किल्ली आपल्याकडे राहण्याची सोय हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. शिवाय आजीवन म्हणजे कंपनी आहे तोवर, हे आपण समजून असावे.

२०२५-२६ च्या हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. त्या मापाने गुगलची १०० जी.बी. जागा वर्षाला पावणेचार क्विंटल उसाला पडते आणि प्रोटॉनची जागा जवळजवळ दीड टनाला. तोडणी-वाहतूक वजा धरली तर आणखी जास्त.

पण मुळात आपल्याला जागा लागते किती? मोबाइलवर काढलेला एक फोटो साधारण ३ एम.बी. चा असतो. एका हंगामात पन्नास चिठ्ठ्या-पावत्या झाल्या तरी दीडशे एम.बी. म्हणजे एक जी.बी. जागेत सहा हंगामांच्या पावत्या मावतात. जमिनीचे, बँकेचे, सोसायटीचे सगळे कागद धरून सर्वसाधारण सभासदाचे दप्तर दोन-तीन जी.बी. च्या पुढे जाणार नाही. मोबाइलची जागा भरते ती लग्नाच्या व्हिडिओंनी आणि सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या चित्रांनी. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही गुगलच्या त्याच १५ जी.बी. त मोजला जाऊ लागला आहे, म्हणून ती जागा पूर्वीपेक्षा लवकर संपते. तेव्हा आधी साफसफाई करावी, मग पैसे भरायचे का ते ठरवावे. रिकाम्या पोत्यांसाठी गोदाम भाड्याने घेण्यात शहाणपण नाही.

प्रोटॉन आणि मेगा यांच्याकडेही काही जी.बी. जागा फुकट मिळते. थोडे पण जपायचे कागद असतील तर ती पुरते. म्हणून माझे मत असे, की सामान्य सभासदाने सुरक्षिततेसाठी परदेशी सेवेला दरसाल पैसे मोजायची गरज नाही. गरज आहे ती कागदांची प्रतवारी करण्याची.

महाग कुलूपही फसते

पैसे जास्त मोजले म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. झुरिचच्या ई.टी.एच. या नामांकित विद्यापीठातल्या संशोधकांनी जून २०२२ मध्ये मेगा या सेवेची तपासणी जाहीर केली. "तुमची किल्ली आम्हालाही मिळत नाही" असे कंपनी सांगत होती. संशोधकांनी दाखवून दिले की कंपनीचे संगणक ज्याच्या ताब्यात जातील त्याला ती किल्ली हळूहळू काढून घेता येईल. कंपनीने दुरुस्ती केली ही गोष्ट वेगळी. त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेसोरिट अशा पाच सेवा तपासल्या. पैकी चार सेवांत गंभीर उणिवा सापडल्या. ट्रेसोरिट त्यातल्या त्यात बरी निघाली. कुलपाचे पोलाद चांगले होते, पण कडी-कोयंडा बसवताना चुका झाल्या होत्या.

कायदाही मध्ये येतो. ब्रिटनच्या सरकारने ॲपलकडे बंद कागदांपर्यंत पोहोचण्याची वाट मागितल्याचे प्रसिद्ध झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांना आपली वरच्या दर्जाची कुलुपाची सोय देणेच बंद केले. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ प्रमाणे ठराविक कारणांसाठी माहिती उलगडून देण्याचा हुकूम सरकारला काढता येतो. आज मिळणारी सोय उद्या राहीलच असे गृहीत धरू नये.

आणि आगीपुढे कोणतेच कुलूप चालत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओ.व्ही.एच. कंपनीच्या संगणक-गोदामाला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांनी दुसरी प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. दक्षिण कोरियात तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी केंद्राला आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाचे कागद जेथे ठेवले जात त्या यंत्रणेतली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. एवढे पुढारलेले राष्ट्र, पण दुसरी प्रत ठेवायची राहून गेली! आमची ट्रंक आणि त्यांचे केंद्र यांत मग फरक तो काय?

किल्ली आपल्याकडे आली म्हणजे जोखीमही आली

किल्ली आपल्याच हातात घेतली तर ती हरवण्याची जबाबदारीही आपली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संगणकतज्ज्ञाची हकीकत जानेवारी २०२१ मध्ये जगभर छापून आली होती. त्याची ७,००२ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने अब्जावधी रुपये, एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये अडकून पडली. पासवर्डचा कागद हरवला. दहा वेळा चुकले की ते यंत्र कायमचे बंद होते, आणि तोवर त्याचे आठ प्रयत्न वाया गेले होते. संगणकात मुरलेल्या माणसाची ही तऱ्हा, मग आपली काय कथा?

घरचा कर्ता माणूस अचानक गेला आणि पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक होता, तर बायका-पोरांना कागद मिळणार कसे? ट्रंक निदान फोडता तरी येत होती. त्याशिवाय गुगलने २०२३ साली नियम केला, की सलग दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करून आतील सर्व काही काढून टाकले जाऊ शकते. मुलाने हौसेने खाते काढून दिले, तो पुण्याला नोकरीला गेला आणि मागे कोणी ते उघडलेच नाही, असे आपल्याकडे सहज घडू शकते.

पुष्कळदा चोर कुलूप फोडतच नाही. ड्रॉपबॉक्स कंपनीची २०१२ मधली चोरी एका कर्मचाऱ्याच्या चोरीला गेलेल्या पासवर्डवरून झाली, आणि सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांचा तपशील बाहेर गेल्याचे २०१६ साली उघड झाले. आपल्याकडे तर फोनवर गोड बोलून ओ.टी.पी. विचारतात आणि आपण देतो. असे झाल्यावर कंपनीला बोल लावून उपयोग नाही.

मग सभासदाने करावे काय?

माझ्या समजुतीप्रमाणे कागदांचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग पुन्हा मिळणाऱ्या कागदांचा. सातबारा, आठ-अ यांची डिजिटल सहीची नकल महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळते, आणि सातबाऱ्याला १५ रुपये पडतात. वाहन परवाना, पॅन वगैरे दाखले २०१५ साली सुरू झालेल्या सरकारच्या डिजिलॉकरमध्ये थेट खात्याकडून येतात आणि ते मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. वरती आपले कागद टाकायलाही तेथे १ जी.बी. जागा फुकट आहे. या ढिगासाठी एक पैसाही खर्च करू नये.

दुसरा ढीग हरवला तर नुकसान होईल, पण कोणी पाहिला तरी बिघडत नाही अशा कागदांचा. वजनपावत्या, ऊसबिले, खतांच्या पावत्या, माती परीक्षणाचे अहवाल यांत आले. यांना साधे फुकट खाते पुरे. मात्र दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी, म्हणजे नुसता पासवर्ड कळून कोणाला आत शिरता येणार नाही.

तिसरा ढीग लबाडाच्या हाती पडता कामा नये असा. आधारची प्रत, पासबुक, कोरा धनादेश, सहीचे नमुने, मृत्युपत्र. "आमच्याकडं लपवण्यासारखं काय हाय?" असे काही जण म्हणतात. आधार, पॅन, पासबुक आणि सही ही चारही एका जागी सापडली, की तुमच्या नावावर भलतेच कर्जप्रकरण उभे करायला लबाडाला फार कष्ट पडत नाहीत. हा ढीग किल्ली आपल्याकडे राहील अशा ठिकाणीच ठेवावा. वर सांगितलेल्या सेवांची फुकट जागा त्याला पुरते. नाहीतर क्रिप्टोमेटर नावाचा प्रोग्राम आहे. तो संगणकावर फुकट चालतो, अँड्रॉइड मोबाइलसाठी एकदाच पैसे पडतात. तो कागद आधी कुलूपबंद करतो आणि मग गुगलच्या गोदामात ठेवतो. गोदाम त्यांचे, कुलूप-किल्ली आपली.

तिन्ही ढिगांची एक प्रत घरी पेनड्राइव्हवर असावी. युरियाच्या दोन-तीन गोण्यांच्या पैशात चांगला पेनड्राइव्ह येतो. तो वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, उघडून पाहावा आणि त्याच दिवशी क्लाउडचे खातेही उघडावे. आणखी एक पेनड्राइव्ह गावाबाहेरच्या लेकीकडे किंवा भावाकडे ठेवला तर उत्तमच. पण तिसऱ्या ढिगाचे कागद पेनड्राइव्हवरही कुलूपबंदच असावेत. पासवर्ड वहीत स्वच्छ अक्षरात लिहून, पाकिटात बंद करून घरातल्या विश्वासाच्या दुसऱ्या माणसाजवळ द्यावा. त्या पाकिटाची माहिती कारभारणीला असली पाहिजे.

आता कारखान्याकडे वळू

एवढे सगळे आपण घरी केले तरी आपल्या कागदांचा मोठा गठ्ठा आपल्या हातात नसतोच. तो कारखान्याच्या संगणकात आहे. कोणाचे किती भाग, कोणाची किती ऊसनोंद, काट्यावरचे प्रत्येक वजन, बँक खात्याचा नंबर, आधार आणि मोबाइल क्रमांक हे सारे तेथे आहे. पूर्वी ही माहिती लेजरबुकात होती. ते पुस्तक चोरायचे तर पाठीवर घेऊन जावे लागे. आता अख्खे दप्तर बोटाएवढ्या वस्तूत मावते.

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांची माहिती जो ठेवतो त्याच्यावर ती राखण्याची जबाबदारी, असा त्याचा मथितार्थ आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? साखरेच्या पोत्याला आपण विमा उतरवतो, गोदामाला पहारेकरी ठेवतो. सभासदांच्या दप्तराला तेवढा तरी मान मिळाला पाहिजे.

म्हणून संचालक मंडळाला आणि कार्यकारी संचालक साहेबांना माझी नम्र विनंती आहे, की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात तीन ओळी घालाव्यात. सभासदांच्या माहितीची दुसरी प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर कोठे ठेवली आहे? ती कुलूपबंद आहे काय, आणि किल्ली कारखान्याच्या कोणत्या पदाधिकाऱ्याकडे आहे, की सगळा भरवसा संगणक पुरवणाऱ्या ठेकेदारावर आहे? आणि त्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे करून पाहण्याची चाचणी शेवटची कधी घेतली?

यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत आहे असे सगळेच सांगतात, पण वेळ आल्यावर ती उघडत नाही. हंगामापूर्वी आपण बॉयलर पेटवून पाहतो, काट्याची तपासणी करून घेतो. तसेच वर्षातून एक दिवस दप्तराची चाचणी घ्यायला काय हरकत आहे? खर्च म्हणाल तर इतक्या सभासदांत वाटला असता प्रत्येकी काही रुपयांचाच येईल. उलट ऐन गाळपात दप्तर गेले तर महिनाभर कोणाचे बिल निघणार नाही, आणि कोणाचा किती ऊस आला यावर काट्यापाशी भांडणे होतील.

हा संचालक मंडळावर अविश्वास आहे असे कोणी समजू नये. कारखाना आपला आहे म्हणूनच विचारतो. परक्याच्या दुकानात कोणी असले प्रश्न विचारीत नाही.

तात्यांना मी परवा सांगितले, की घरच्या कागदांची किल्ली आता माझ्याकडे आहे आणि दुसरी धाकट्या भावाकडे. ते म्हणाले, "बरं झालं. आता कारखान्याच्या किल्लीचं इचार." तेच या लेखातून विचारले आहे. उत्तराची वाट सर्वच सभासद पाहतील.



— एक ऊस उत्पादक सभासद